टोपातली घंटा

पुणे,
८ जुलै १९९६

नामा,

पत्ता अजून शेलारचाच असेल असं धरून लिहितेय. दोन वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून रागाने पाकीट फाडू नकोस, आधी वाच.

कॉम्प्युटरचा कोर्स संपवून मी इथे एका लहानशा कंपनीत लागले. आमच्याकडे डोक्यात घालायचा एक टोप आहे. टोप परदेशातून येतो, त्यात दिसणारं चित्र आम्ही कॉम्प्युटरवर बनवतो. टोप घातला की समोर अख्खा कारखाना उभा राहतो. मान वळवली की तोही वळतो. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात याला. साहेबांचं म्हणणं असं, की कामगाराने अपघात आधी टोपात बघावा, चुका तिथे कराव्यात, म्हणजे खऱ्या यंत्रावर त्याचे हातपाय शाबूत राहतील. मला हे काम मनापासून पटलंय.

पहिलं काम यंत्रमागाचं आहे आणि ऑफिसात एकानेही माग पाहिलेला नाही. मी म्हटलं, माझ्या ओळखीत एक जण आहे, त्याच्या काकांचा मागांचा कारखाना आहे.

तर मागावर माणसाला इजा कशी होते, ते सविस्तर लिही. आणि भांडू नकोस.

तुळजा

* * *

शेलार,
१४ जुलै १९९६

तुळजा,

'माझ्या ओळखीत एक जण आहे.' वा! शेलारहून भिवंडीचं कॉलेज हाकेच्या अंतरावर, तरी सकाळी उलटा तुझ्या खारबावला येऊन तुझ्या एस.टी.त चढणारा माणूस तुझ्या नुसता ओळखीतला! प्रॅक्टिकलच्या सरांनी तुझ्या जर्नलवरून तुझ्या बापाला नावं ठेवली, तेव्हा त्यांच्या टेबलावरची बरणी कोणी फोडली, तेही विसरलीस वाटतं. मी कॉलेज सोडलं, तू नाही. बरंच केलंस. एकाने तरी शिकावं.

हल्ली मी बाळारामकाकांच्या कारखान्यात मेहता आहे. मेहता म्हणजे कापड मोजायचं, कारीगरांची हजेरी घ्यायची आणि शेठच्या वाटणीच्या शिव्या आपण द्यायच्या.

इजा कशी होते? धोट्याने. धोटा म्हणजे लाकडाची होडीच, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, पोटात सुताची कांडी. इकडून तिकडे, तिकडून इकडे, डोळ्याला दिसत नाही इतका पळतो. कधी धागे तुटून गुंता झाला की वाट सोडतो आणि उडतो. कोणाच्या छातीत, कोणाच्या तोंडावर. पुढे तारेची जाळी लावली तर अडतो. काका लावू देत नाहीत. जाळी असली की धागा जोडायला कारीगर वेळ लावतो म्हणे.

आणि आवाज. चालू कारखान्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही ओठांवरून बोलतो, हाताने बोलतो. मुख्तारभाई आमचा सगळ्यात जुना कारीगर, तो तर समोरच्या मागावरून नुसते हात हलवून तुझ्या नावाने मला चिडवतो. तो म्हणतो, "नामाभाई, कान घर पे रख के आने का. लूम पे हाथ रखो, वो खुद बोलती है." मागाच्या पुढच्या दांड्यावर तळहात ठेवला की ठोका कळतो. ठोका चुकला की हाताला आधी कळतं, डोळ्याला मग.

माझंही तसंच आहे, तुळजा. तू पुण्याला जाणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी एस.टी.च्या दांड्याला धरून उभा होतो आणि हातालाच कळलं, ही सीट आता रिकामी राहणार. हा तळहात अजून तसाच आहे. काहीही न ऐकता त्याला सगळं कळतं. तुझ्या पाकिटावर ठेवला तेव्हाही कळलं. काय कळलं ते लिहीत नाही.

नामा

* * *

पुणे,
२ ऑगस्ट १९९६

नामा,

धोट्याची माहिती फार उपयोगी पडली. तळहाताचं सगळं पान मात्र साहेबांना देताना मी गाळलं. असलं लिहीत जाऊ नकोस, आमच्या ऑफिसात सगळ्यांचं टपाल फोडलं जातं. शिपायाने वाचून सगळ्यांसमोर हात हृदयावर ठेवून दाखवला. मी कुठे तोंड लपवू?

आता टोपाबद्दल. त्यात दोन लहान पडदे असतात, प्रत्येक डोळ्यासमोर एक. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला किंचित वेगळं. दोन्ही मिळून आपला मेंदू खोली तयार करतो, म्हणून माग खरोखर समोर उभा वाटतो. एक डोळा मिटलास तर सगळं सपाट.

कानांवर स्पीकर बसतात. खरा खडखडाट घातला तर सूचना ऐकू येणार नाहीत, म्हणून तो मंद ठेवलाय. आणि धोटा उडायच्या आधी एक घंटा वाजेल. घंटा वाजली की वाकायचं. चारदा केलं की अंगात भिनतं. साहेबांना ही कल्पना फार आवडली. माझीच आहे.

मी टोप घेऊन येतेय. शुक्रवारी तुमचे माग बंद असतात ना? शुक्रवारीच येईन.

तुळजा

* * *

शेलार,
शनिवार, २४ ऑगस्ट १९९६

तुळजा,

काल तू गेलीस आणि कारखान्यात शुक्रवार नुसता पडून राहिला. माग बंद, वीज बंद, फक्त तुझ्या कॉम्प्युटरसाठी आणलेला जनरेटर बाहेर धापा टाकत होता. तो बंद केला तेव्हा मलाच धाप लागली.

लोक अजून हसताहेत. कांड्या भरणाऱ्या आनंदीबाईंनी टोप घातला तेव्हाचं आठवतं? "अगं बाय, हितं तर कचऱ्याची कांडी न्हाय! झाडू कोन मारतं गं? तिलाच ठेवा आमच्याकडं." आणि नंतर हात पुढे करून धोटा पकडायला गेल्या ती काकांची टोपीच पकडली! काका टोप घालून फोटोला उभे राहिले, तो फोटो आता गादीच्या वर लागणार आहे. व्यापारी आला की आधी फोटो, मग कापड.

मुख्तारभाईचं तू मनावर घेऊ नकोस. म्हणे, "घंटी? ये कौन सी लूम है भाई, जो मारने से पहले घंटी बजाती है?" सगळे खो खो हसले. तू गोरीमोरी झालीस. माझं डोकंच फिरलं. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, तोंड सांभाळ, तिने शिकून बनवलंय, तुझ्यासारखं अंगठा लावून नाही. तो उठून बाहेर गेला. नंतर माझ्याशी बोलला नाही. न बोलू दे.

मी टोप पुन्हा पुन्हा का मागत होतो, तुला कळलं असेल. तो घालताना तू मागे उभी राहायचीस आणि माझ्या डोक्यामागचा पट्टा आवळायचीस. तेवढ्यासाठी मी हजार धोट्यांपुढे वाकेन. पुढे तुझा कारखाना, मागे तू, आणि घंटा वाजली की मी खाली. एकदाही चुकलो नाही. तू म्हणालीस, "नामाच सगळ्यात हुशार."

टोप आणि कॉम्प्युटर काही महिने आमच्याकडे ठेवलेस, राखण माझ्याकडे. रोज पुसेन. आता सरळच विचारतो, कारण मला वळसे घालता येत नाहीत. माझ्याशी लग्न करशील का?

नामा

* * *

पुणे,
१६ सप्टेंबर १९९६

नामा,

पत्रात असे प्रश्न विचारतात का? मी आता काहीच लिहिणार नाही. कामाचं बोलू.

मुख्तारभाईंचं बोलणं मी साहेबांच्या कानावर घातलं. ते हसले. म्हणाले, जुन्या कामगारांचा विरोध धरूनच चालायचा असतो. तू मात्र त्यांना तसं बोलायला नको होतंस. राग आला की तुला समोरचा माणूस दिसत नाही.

नवीन येणाऱ्या प्रत्येक कारीगराला टोप घालायला लाव. आमच्या चित्रातल्या मागाला जाळी आहे. काकांना दाखव, कदाचित पटेल.

तुळजा

* * *

शेलार,
२९ सप्टेंबर १९९६

तुळजा,

'नाही' लिहिलं नाहीस. मला तेवढं पुरतं.

काकांना जाळी दाखवली. म्हटलं, पुण्याची कंपनी जाळीशिवाय माग दाखवत नाही आणि तुम्ही फोटो लावून मिरवता. गादीवर दोन व्यापारी बसलेले. काका आधी हसले, मग म्हणाले, "तुज्या टोपात जाळी हाय ना? मंग टोपातच कापड काढ." मी म्हणालो, माणसं काय फुकट आलीत? काका उठले. "लय कळवळा आला! मेहताच्या खुर्चीवर बसून जाळी मागतंस? मागावर उभा रव्ह, मंग माग." मी किल्ल्या त्यांच्यापुढे टाकल्या आणि मागावर जाऊन उभा राहिलो. काका चहा पीत बघत होते. त्यांना वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल परत.

नाही गेलो. आता चार माग माझ्याकडे आहेत. आक्का रडते. "आयबाप गेल्यावर तुला शिकवला ता कशाला? बहिणीचं ऐकत जा रं." म्हणते. तिला सांगितलं, शिकलोय म्हणूनच भीत नाही. इथले कारीगर मार खाऊन शिकले, मी टोपात शिकलोय. जाळी नाही तर नाही, माझे कान तयार आहेत. मुख्तारभाई आता पुन्हा समोरच्या मागावर आहे. हात दांड्यावर ठेव, अशी खूण करतो. मी कानाला हात लावून दाखवतो. मग तो कपाळाला हात लावतो. असा आमचा संवाद.

तू म्हणालीस, हुशार. बघच आता.

नामा

* * *

पुणे,
२० ऑक्टोबर १९९६

नामा,

हट्ट सोड, खुर्चीवर परत जा. टोप नवख्या माणसाला मदत करतो, त्याला कारीगर बनवत नाही. साहेब असं म्हणत नाहीत, पण मी म्हणते.

एक काम आहे. जानेवारीत मुंबईला मोठं प्रदर्शन आहे. तिथे आम्हाला दाखवायचंय की टोप ठेवल्यापासून तुमच्या कारखान्यात अपघात झाला नाही. तुझ्या अक्षरात अहवाल हवा, खाली काकांची सही. एवढ्यावर माझी नोकरी पक्की होईल, नाहीतर साहेब हे काम बंद करतील. जे खरं असेल तेच लिही.

आणि दिवाळीनंतर मला तुला काहीतरी सांगायचंय. पत्रात नको, भेटून.

तुळजा

* * *

शेलार,
२७ नोव्हेंबर १९९६

तुळजा,

उशीर झाला. आक्काबरोबर वज्रेश्वरीला गेलो होतो, गरम पाण्याच्या कुंडांवर. तिच्या गुडघ्यांसाठी. थोडं राहणं झालं.

अहवाल सोबत आहे. अपघात नाही. काकांनी सही आनंदाने केली, इतक्या आनंदाने की मी बघतच राहिलो.

टोप नीट आहे. मी परत मेहताच्या खुर्चीवर आहे, तुझ्या मनासारखं झालं.

दिवाळी गेली. काय सांगणार होतीस?

नामा

* * *

पुणे,
१२ डिसेंबर १९९६

नामा,

तुझे आभार कसे मानू? अहवाल साहेबांनी सगळ्यांसमोर वाचला. टाळ्या वाजल्या. माझी नोकरी पक्की झाली.

खुर्चीवर परतलास हे वाचून जीव भांड्यात पडला. पण अक्षर असं काय झालंय? ओळी वर चढतात, एकमेकींवर बसतात. कॉलेज सोडलंस तेव्हा पीत होतास, तसं पुन्हा सुरू केलंस का? खरं सांग.

आता ते दिवाळीचं. माझा साखरपुडा झाला, नाशिकला. आप्पांनी ठरवलं, पण माझीही हरकत नव्हती. तुला आधी सांगायला हवं होतं. मी भ्याले, नामा. तुझा राग मी पाहिलाय. त्या बरणीसारखा टोप फोडला असतास तर? तुला मी कधी शब्द दिला नव्हता, हे तुलाही ठाऊक आहे. तरी मला वाईट वाटतं.

प्रदर्शनाला ये. टोप आणि कॉम्प्युटर तेव्हाच घेऊन ये. नवीन टोप आलाय, त्यात खोली इतकी सुंदर दिसते! पहिल्यांदा तूच घालावास असं मला वाटतं.

तुळजा

* * *

शेलार,
२० जानेवारी १९९७

तुळजा,

आलो होतो ना? काळा चष्मा लावून. तू म्हणालीस, "काय रे, हिरो झालास का?" तुझे ते नाशिकचे हसले. मीही हसलो. माणूस चांगला दिसला, मला शिवी सुचेना, याचाच जास्त राग आला.

नंतर तू नवीन टोप आणलास. मी भिंतीकडे तोंड करून चष्मा काढला आणि टोप चढवला. तू मागे उभी राहून पट्टा आवळलास, तशीच. म्हणालीस, "बघ, खोली दिसते?" मी म्हटलं, दिसते.

नाही दिसली. तुझा माग मला भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा दिसला. तूच लिहिलं होतंस, एक डोळा मिटला तर सगळं सपाट. माझा डावा मिटला आहे. कायमचा.

मी वज्रेश्वरीला गेलो नव्हतो. दिवाळीच्या आधी, भर दुपारी, माझ्या मागावर धागे तुटले आणि गुंता झाला. समोरून मुख्तारभाई हात हलवत होता. मला वाटलं, रोजच्यासारखा तुझ्या नावाने चिडवतोय. मी हसलो. हसत उभा राहिलो आणि ऐकत राहिलो. काय ऐकत होतो, तुला माहीत आहे. त्या खडखडाटात, जिथे माणसाला स्वतःची किंकाळी ऐकू येत नाही, तिथे मी घंटेची वाट बघत होतो. हात माझे कमरेवर होते. दांड्यावर नव्हते.

तू मला शिकवलंस आणि मी शिकलो. तुझ्या टोपाचा इतका चांगला विद्यार्थी तुला मिळणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ठाण्याला दवाखान्यात होतो, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. आक्काने वाचून दाखवलं. ती अडखळत वाचते. "दिवालीनंतर कायतरी सांगाचा हाय म्हनते पोर. अरं हसतंस काय? टाकं तुटतील!" मी खरंच हसत होतो. मला वाटलं, होच म्हणणार. आता तुला कसं कळवू की तुझ्या टोपाने माझा डोळा घालवला? तुझी नोकरी जाईल, मग 'हो' कशाला राहील? म्हणून पट्टी निघाल्यावर पहिलं काम केलं ते अहवालाचं. अपघात नाही. ओळी का चढतात, ते आता कळलं असेल. दारूने नाही.

काकांकडे औषधपाण्याचं बोलायला गेलो. त्यांनी गादीवरून फोटोकडे बोट दाखवलं. म्हणाले, "शिकिवला व्हता ना तुला? पुण्यावरनं मानसं आनून शिकिवला. मंग चूक कोनाची?" मी म्हणालो, निदान अपघात झाला एवढं तरी कबूल करा. तर म्हणतात, "कागदावर झालाच न्हाय रं. तूच तर लिवलंस." खुर्ची मात्र दिली. एका डोळ्याला कापड मोजता येतं.

माझ्या हातून काका मरता मरता राहिले, एवढंच सांगतो. मुख्तारभाईने मला मागून कवेत धरलं आणि बाहेर नेऊन बसवलं. मी त्याला अंगठाबहाद्दर म्हटलं होतं, तरी दवाखान्यात नेणारा तोच. एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मला तुझ्याकडून डोळा नको, दया नको, लग्नाची पत्रिका तर मुळीच नको. पण प्रदर्शनात मी बघितलं, इचलकरंजी, मालेगाव, सोलापूरची माणसं टोपासाठी नाव नोंदवत होती. तिथेही कोणीतरी नवखा असेल, त्याच्याही मागावर जाळी नसेल, आणि तोही कानात जीव आणून उभा राहील.

घंटा काढ, तुळजा. दुसरं काही मागत नाही. तिच्या जागी काय घालायचं ते मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तू ते पान गाळलंस. चूक माझीही होती. धोट्याची गोष्ट तुझ्या सीटला बांधून लिहिली, ती प्रेमपत्र म्हणून फाटली.

टोप मी फोडला नाही, पुसून परत दिला. तू उगाच भ्यालीस.

नामा

* * *

पुणे,
१८ फेब्रुवारी १९९७

नामा,

चार वेळा लिहून फाडलं.

तुझं पत्र घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं, मग फाईल उघडून तुझाच अहवाल पुढे ठेवला. म्हणाले, दोन्ही अक्षरं एकाच माणसाची आहेत, मी कोणतं खरं मानू? मी म्हटलं, वाकड्या ओळी बघा. ते म्हणाले, वाकड्या ओळी पुरावा नसतात.

मी तुझं ते जुलैचं पत्र शोधून काढलं. फाटलं नव्हतं, माझ्याकडेच होतं. तळहाताचं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सीटसकट. साहेब म्हणाले, टोपाला हात कुठे आहेत? डोळे आणि कान आहेत, त्यातच भागवायचं. इचलकरंजीची ऑर्डर गेली आहे. नोकरी सोडून जायचं तर जा, घंटा राहील.

मी सोडली नाही. माझ्या पगाराशिवाय लग्नाचा खर्च आप्पांना झेपला नसता. एवढं कारण पुरे आहे का, मला माहीत नाही.

तरी मी भांडले, नामा. तुझ्यासारखी नाही, पण भांडले. एवढ्या भांडणाअंती साहेबांनी एक गोष्ट मान्य केली आणि तुला कळवायला सांगितलं: तुमच्या कारखान्यातून आलेल्या तक्रारीची दखल घेतली आहे. नवीन टोपात घंटेचा आवाज वाढवला आहे.

तुळजा